ब्रिकेटमध्ये चिनी माती, पण मोजून

संपादक महोदय,

निपाणी-चिकोडी पट्ट्यात पाचट आणि तंबाखूच्या काड्यांच्या ब्रिकेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, जाळताना त्यांतले पोटॅशियम व क्लोरीन वाफ होऊन उडतात. थंड होताना त्यांचे १ मायक्रॉनहून बारीक कण बनतात. ते सायक्लोनमध्ये, म्हणजे धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या यंत्रात, अडकत नाहीत, छातीत जातात. दाबण्यापूर्वी १०० किलो भुशात २-३ किलो केओलिन, म्हणजे चिनी मातीची बारीक पूड, एकजीव मिसळा. पोटॅशियम राखेतच राहते, भट्टीच्या जाळीवर खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, ही कमी धरतो. राख मात्र वाढते, आणि सुटे झालेले क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन चिमणीचा पत्रा खाते. चिनी मातीऐवजी चुना घातला तर तो राख वितळू देत नाही, पण पोटॅशियमही धरत नाही. ओल्या ब्रिकेटचा धूर तर कोणतीच माती थांबवणार नाही. ओलावा १० टक्क्यांच्या आतच हवा.

– जळण तंत्रज्ञ, निपाणी