धार्मिक शाळांतील मुलांचे ऐकणारा माणूस वेगळा हवा : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री यांस,
सादर नमस्कार.

धार्मिक संस्थांनी चालवलेल्या माध्यमिक शाळांमध्ये समुपदेशक म्हणून माझे जाणे-येणे आहे. या शाळांच्या उपासनेत सरकारने हात घालावा, असे सुचवण्यासाठी हे पत्र नाही. आखीव दिनक्रम, सामूहिक प्रार्थना आणि आपण कोणाचे तरी आहोत ही भावना यांचा अडनिड्या वयातील मुलांना केवढा आधार असतो, हे मी पाहत आलो आहे. माझी मागणी एवढीच आहे की, मुलाने ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे, तोच माणूस त्याच्या श्रद्धेचा आणि वर्तनाचा परीक्षक असू नये.

सकाळची उपासना घेणारे, वर्तनाचा शेरा लिहिणारे, वसतिगृहात शिस्त राखणारे आणि मूल रडू लागले की त्याला जवळ बसवणारे, असे सगळे काम अनेकदा एकाच धर्मशिक्षकांकडे असते. झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, असे मुलाने सांगितले की उत्तर मिळते, ‘प्रार्थना वाढव, मन शांत होईल.’ हे उत्तर मनापासूनच दिलेले असते. परंतु नैराश्याने घेरलेल्या मुलाला त्यातून एवढेच ऐकू येते की दोष आपल्या श्रद्धेत आहे, आणि पुढच्या वेळी ते बोलायचेच टाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वर्षे वयोगटातील दर सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो. चाळीस मुलांच्या वर्गात हा हिशेब पाच-सहा जणांवर जातो, आणि धार्मिक शाळेचा वर्ग त्याला अपवाद असण्याचे काही कारण नाही.

भक्ती आणि आजार यांतील सीमारेषा बाहेरून किती अंधूक दिसते, हे मंत्रचळात, म्हणजे नको ते विचार मनात घोळत राहून तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकारात (ओसीडी), स्पष्ट होते. प्रार्थना म्हणताना मध्येच नको तो विचार आला म्हणून एखादा मुलगा ती पहिल्यापासून म्हणतो, मग पुन्हा पहिल्यापासून. बाकीची मुले वर्गात जाऊन बसलेली असतात आणि हा अजून पहिल्या ओळीवरच असतो. शुद्धीसाठी हात धुऊन धुऊन त्याच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी फाटलेली असते. अशा मुलाचे उदाहरण इतरांपुढे आदर्श म्हणून ठेवलेले मी पाहिले आहे! या विकारावर उपचार आहेत: मनात शंका असतानाही प्रार्थना पुन्हा सुरू न करता पुढे जाण्याचा सराव मुलाकडून हळूहळू करून घेतला जातो. ‘तुझी प्रार्थना पोहोचली’ असा दिलासा वारंवार दिला, तर घटकाभर बरे वाटते आणि विकाराची पकड मात्र घट्ट होते. म्हणूनच इथे धर्मशिक्षकांचे सहकार्य मोलाचे ठरते. धर्माची अपेक्षा नेमकी काय आहे, हे त्यांनी एकदा स्पष्ट सांगावे आणि नंतर त्याच प्रश्नाला पुन्हा पुन्हा उत्तर देण्याचे टाळावे, एवढे उपचारकाला त्यांच्याकडून हवे असते. उपवासाआड लपलेल्या खाण्याच्या विकारांबाबतही अशीच सावधगिरी लागते.

झोपेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोपेची गरज असते आणि या वयात झोप येण्याची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. पहाटेची उपासना ठेवायची असेल, तर रात्रीचा अभ्यासवर्ग आवरता घ्यावा किंवा दुपारी विश्रांती द्यावी.

अवघड प्रश्न गोपनीयतेचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील चौदाव्या कलमात मुलाचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य केलेले आहे. मुलाच्या वाढत्या समजेनुसार त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा अधिकारही त्याच कलमात आहे. पंधराव्या वर्षी मुलाला शंका पडणारच. परंतु ती बोलून दाखवली की घरी कळेल, या धास्तीने मूल घुसमटत असेल, तर शाळेतील समुपदेशन कक्षाला अर्थ उरत नाही. शिवाय तो कक्ष प्रार्थनागृहाच्या दाराशी असेल, तर आत कोण गेले हे साऱ्या शाळेला कळते.

म्हणून समुपदेशकाची नेमणूक आणि वेतन आपल्या खात्याकडून व्हावे, संस्थेकडून नव्हे. तीन-चार शाळांत मिळून एक असला तरी सुरुवातीला चालेल. जिवाला धोका किंवा अत्याचाराची शंका वगळता मुलाचे बोलणे बाहेर जाणार नाही, असा लेखी नियम असावा आणि अत्याचाराची तक्रार संस्थेबाहेरील यंत्रणेकडेच जावी. बाहेरचा माणूस श्रद्धेची टवाळी करील, ही संस्थाचालकांची भीती अगदीच निराधार नाही. तेव्हा मुलाच्या श्रद्धेला धक्का न लावण्याचे बंधन समुपदेशकावरही घालावे. धर्मशिक्षकांना प्रशिक्षण द्यावे. मूल मरणाची भाषा करू लागले, तर त्याला थेट विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यायचे असते, हे प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

शाळा तपासणीच्या नमुन्यात निकालाच्या रकान्यांशेजारी या बाबींचीही नोंद असावी. नियमांचा मसुदा करताना धर्मशिक्षक, मानसोपचारतज्ज्ञ आणि या शाळांतून शिकून बाहेर पडलेले तरुण यांना एकत्र बोलवावे आणि पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी तो मसुदा हरकतींसाठी जाहीर करावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक शालेय समुपदेशक