आकड्यावरून पटलेली ओळख

पुणे

चि. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मालवणहून तू पाठवलेला लाल शैवालाचा नमुना काल हाती आला. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून तो पोस्टाने पाठवलास हे फार चांगले केलेस, कारण नुसत्या फोटोवरून मी त्याला ग्रॅसिलारिया हे दुसरेच लाल शैवाल ठरवून मोकळा झालो होतो, आणि ते साफ चूक होते.

गोड्या पाण्यात लाल रंग सुटतो, म्हणून बशीत मिठाचे पाणी घेऊन त्यात तो अर्धा तास भिजवला. सुताएवढ्या जाडीची गोल फांदी, तिला चहूबाजूंनी फुटलेल्या काट्यासारख्या आखूड उपफांद्या, आणि काही फांद्यांची टोके जराशी फुगून आकड्यासारखी वळलेली! हा आकडा दिसताच हिप्निया मस्सिफॉर्मिस हे नाव मनात आले. अकॅन्थोफोरा हे लाल शैवालही काटेरी असते, पण त्याच्या टोकांना असा आकडा नसतो. तरी खात्रीसाठी ब्लेडने पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मधोमध एक लहान पेशी आणि तिच्याभोवती मोठ्या पेशींचे कडे स्पष्ट दिसले. ग्रॅसिलारियाच्या कापात अशी वेगळी मधली पेशी सापडत नाही.

आता तुझ्या चिठ्ठीविषयी. तू ‘अधिवास : वाळू’ असे लिहिले आहेस, ते मात्र खोडावे लागेल. वाळूवर ते तुला सापडले, पण तिथे ते वाढलेले नाही. नमुना भिजल्यावर एका आकड्यात तपकिरी देठाचा तुकडा घट्ट अडकलेला दिसला, आणि त्या देठाला मोहरीहून थोडी मोठी, हवेने भरलेली गोळी होती. तो सरगॅसम या तपकिरी समुद्री शैवालाचा तुकडा आहे. हिप्निया ओहोटीच्या खालच्या पट्ट्यातल्या खडकांवर वाढते, तशीच या आकड्यांनी सरगॅसमला वेढे घालून त्याच्यावरही वाढते; लाटांनी सरगॅसम उपटले की ती त्याच्यासोबत किनाऱ्याला लागते. ज्या आकड्याने मला नाव सांगितले, त्यानेच तिचे घरही सांगितले, याचा मला फार आनंद झाला.

येत्या अमावास्येच्या ओहोटीला, पाणी पुरते उतरण्याच्या तासभर आधी खडकांवर जा आणि उतरत्या पाण्यामागून खाली सरकत सरगॅसमच्या झुपक्यांत शोध. केवळ लाल रंगावर भिस्त ठेवू नकोस, कारण उन्हात उघडी पडणारी हिप्निया पिवळट हिरवीही दिसते. एखादीच फांदी कात्रीने काप आणि बाकीचा झुपका जागच्या जागी राहू दे. कापलेले तुकडे दुसऱ्या किनाऱ्यावर मात्र कधीही टाकू नकोस. फांदीच्या तुकड्यापासूनही हे शैवाल नव्याने वाढते, आणि 1974 साली हवाईत मुद्दाम नेलेल्या याच हिप्नियाने तिथले अनेक किनारे व्यापून टाकले.

नमुन्याच्या कागदावर ‘वाहून आलेले, सरगॅसमवर’ असे पेन्सिलीनेच लिही, म्हणजे ओल लागली तरी अक्षर फुटणार नाही. खडकावरचा नमुना मिळाला की दोन्ही शेजारी ठेवून पाहू. आईने तुझ्यासाठी मेथीचे लाडू केले आहेत, ते वेगळ्या डब्यातून पाठवतो.

तुझे,
बाबा