विंचवाचे बिऱ्हाड मुंबईत कुठे टेकवावे? पर्यटनमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय, सविनय नमस्कार.

१९५३ च्या नागपूर कराराचा मान राखून राज्य सरकार दर हिवाळ्यात विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी आपले बिऱ्हाड नागपुरात हलवते. फायलींचे गठ्ठे येतात, रविभवन, नागभवन आणि आमदार निवासाला रंगाचा हात फिरतो, नळांना पाणी येते की नाही हे आधी पाहिले जाते आणि रात्री अकरा वाजता दार ठोठावून कोणी मंत्र्यांना ‘इथे थांबता येणार नाही’ असे सांगत नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. पाहुणा येणार असेल तर त्याच्या उतरण्याची सोय आधी करावी ही रीत सरकारला चांगली ठाऊक आहे, एवढेच आरंभी नोंदवायचे आहे. कारण गेल्या महिन्यात आम्ही नागपूरचे सहा निवृत्त लोक आमचे बिऱ्हाड घेऊन मुंबईला गेलो होतो.

आम्ही तीन जोडपी, वये चौसष्ट ते त्र्याहत्तर. भाड्याने घेतलेली एक मोठी कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, तिचा चालक, आणि मागे सामानाची एक साधी मोटार. आमच्या सौभाग्यवतींनी गाडी पाहताक्षणी तिचे नाव ‘विंचू’ ठेवले आणि शेवटपर्यंत तेच चालले. या वयात कॅराव्हॅनचा हट्ट कशासाठी, असे मुलांनीही विचारले होते. उत्तर साधे आहे. आमच्यातील दोघांना इन्सुलिन थंड ठेवावे लागते, एका वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि प्रवासात दर दोन तासांनी स्वच्छ शौचालय मिळेल की नाही ही चिंता ज्याला साठीनंतर पडली नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. स्वतःचे शौचालय आणि स्वतःचा फ्रीज बरोबर असला की म्हातारा माणूस पुन्हा प्रवासी होतो.

समृद्धी महामार्गाबद्दल तक्रार नाही. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघून, वाटेत एक मुक्काम करून, इगतपुरीचा लांबलचक बोगदा ओलांडून आम्ही भिवंडीजवळच्या आमण्याला उतरलो. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला नसता, तर कसारा घाटातून ही गाडी घेऊन जाण्याचे धाडस आम्ही केले नसते. अडचण सुरू झाली ती रस्ता संपल्यावर.

आम्हाला मुंबईचे बंदर पाहायचे होते. ज्या माणसाने आयुष्यभर नागपूरच्या अंबाझरी आणि फुटाळा तलावांनाच पाणी म्हटले, त्याला धक्क्यावर लागलेले जहाज पाहण्याचे जे अप्रूप असते ते मुंबईकरांना समजावून सांगणे कठीण आहे. १८७५ चा ससून डॉक आणि तिथला पहाटेचा मासळीचा लिलाव, भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँच, १९२४ मध्ये पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया, तिथून होडीने तासाभरावरची घारापुरीची लेणी, एवढा आमचा बेत होता. बंदर पहाटे जागे होते, म्हणून त्याच्या जवळपास झोपावे, असा त्यामागचा विचार होता.

पहिल्या संध्याकाळी पाच वाजता आम्ही पी. डि’मेलो रस्त्याला लागलो आणि रात्री साडेदहापर्यंत गाडी उभी करायला जागा शोधत राहिलो. दोन वाहनतळांच्या तोंडाशी लोखंडी आडवे दांडे होते, त्यांखालून जेमतेम मोटार जाईल. आमचा विंचू साडेनऊ फुटांचा. तिसऱ्या ठिकाणी जागा होती, पण रखवालदाराने आत डोकावून बिछाने पाहिले आणि म्हणाला, “काका, गाडी लावा, माणसं नका लावू.” हे वाक्य आमच्या मंडळात आता म्हणीसारखे वापरले जाते. त्याची बाजू मला कळते. गाडीत माणसे झोपली आणि काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण, याचे उत्तर त्याच्या वरिष्ठांनी त्याला दिलेले नव्हते. शेवटी एका हवालदाराने फार आदबीने आम्हाला तिथून हलवले, आणि अटल सेतूवरून पलीकडे जाऊन पनवेलच्या बाजूला काही पाहा, असा सल्ला दिला.

खरे सांगायचे तर त्या रात्री मुंबईचे बंदर आम्ही सर्वांत सुंदर पाहिले ते या सेतूवरूनच. शिवडीहून निघाल्यावर सोळा-साडेसोळा किलोमीटर खाली नुसती खाडी, आणि दूरवर नांगरलेल्या जहाजांचे दिवे. सेतूवर थांबता येत नाही आणि थांबूही नये. आम्ही काचेला नाक लावून बसलो आणि मध्यरात्रीनंतर पनवेलजवळच्या एका ढाब्यामागे, मालकाच्या चांगुलपणावर, मुक्काम केला.

पुढचे तीन दिवस विंचू तिथेच उभा राहिला आणि आम्ही हार्बर लाइनच्या लोकलने ये-जा केली. म्हणजे ज्या गाडीसाठी रोजचे भाडे भरत होतो ती पनवेलला, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या वहिनी दीड तास लोकलमध्ये. ससून डॉकचा लिलाव राहूनच गेला. घारापुरी मात्र पाहिली. सोमवारी लेणी बंद असतात हे आधी माहीत असल्याने एक दिवस वाचला. शंभराहून अधिक पायऱ्या वहिनी डोलीत बसून चढल्या आणि सुमारे वीस फुटी त्रिमूर्तीपुढे बराच वेळ काही न बोलता उभ्या राहिल्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला आणि आता जोडलेल्या स्थितीत भायखळ्याला उभा आहे. तोही पाहायचा होता, पण लोकलची वेळ गाठण्याच्या घाईत राहिला.

आता मुद्द्याकडे येतो. मी चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली, त्यामुळे पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहण्याची खोड सुटत नाही. कॅराव्हॅनमध्ये दोन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची. शौचालयाची पेटी निराळी. सहा माणसांची ती पेटी दोन दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करावी, असे मी आमच्या चालकाला विचारले, तेव्हा तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “साहेब, ते विचारू नका.” मी विचारले, आणि मग ढाब्याच्या शौचालयात ती पेटी स्वतः उभे राहून रिकामी करवून घेतली. पण प्रत्येक प्रवासी असे करील, अशी आशा सरकारने धरू नये. उद्या अशा शंभर गाड्या फिरू लागल्या तर ते पाणी नाल्यात जाईल, आणि नाल्यातून त्याच बंदरात.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करण्याच्या पार्कचाही विचार होता. गाड्या रस्त्यावर आल्या; पण राज्याच्या सर्वांत मोठ्या शहरात, ज्या बंदरासाठी लोक येतात त्या बंदराच्या अंगाला, आम्हाला अधिकृतपणे टेकायला एक चौकोन मिळाला नाही. माझी मागणी त्या एका चौकोनाची आहे. शिवडी ते सँडहर्स्ट रोड या पट्ट्यात, हार्बर लाइनच्या एखाद्या स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर, पंधरा गाड्यांची जागा. प्रत्येक गाडीला विजेची जोडणी, पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाणी ओतण्यासाठी मलनिःसारण वाहिनीला जोडलेले एक तोंड, रात्रीचा पहारा, आणि प्रवेशाला आडवा दांडा नको. हे फुकट मागत नाही. हॉटेलात खोलीसाठी जे मोजतो त्याच्या निम्मे देऊ आणि पावती मागू.

या पट्ट्यातील बरीच जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची आहे आणि ते प्राधिकरण केंद्र सरकारकडे येते, हे मला माहीत आहे. ही आपल्या अखत्यारीतली बाब नाही, असे उत्तर येऊ शकते. परंतु जागा भाडेपट्ट्याने मागण्याचे पत्र राज्याच्या पर्यटनमंत्र्यांनीच लिहायचे असते. ते आम्ही सहा जण लिहू शकत नाही. आणि तोवर निदान एवढे तरी व्हावे, की पर्यटन विकास महामंडळाच्या संकेतस्थळावर मुंबईजवळच्या अशा जागांची यादी असावी, जिथे माणसांसकट गाडी लावता येते. तो पनवेलचा ढाबेवाला आनंदाने नाव देईल.

नागपूरलाही हेच लागू आहे. ताडोबा आणि पेंचला येणारे मुंबई-पुण्याचे लोक अशा गाड्या घेऊन आले तर आम्ही त्यांना कुठे उतरवणार, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि यजमान म्हणून मला त्याची लाज वाटते.

अधिवेशनाच्या काळात आपण नागपुरात असालच. ज्यांच्याकडून आम्ही गाडी घेतली त्यांनी एक दिवस ती पुन्हा देण्याचे कबूल केले आहे. आपण अर्धा तास काढावा, आत बसून चहा घ्यावा आणि त्या दोन टाक्या व ती पेटी स्वतः पाहावी. त्यासाठी रविभवनाच्या परिसरात साडेनऊ फूट उंचीची एक गाडी दोन तास उभी करण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. माणसांसकट.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाटबंधारे कर्मचारी, नागपूर