शिगमो मिरवणूक : लखलखत्या दिव्यांबाबत सूचना

रोमटामेळातील (शिगमोच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या आपल्या पथकातील) सर्व सभासदांना कळविण्यात येते की, शनिवारी फोंड्याच्या मिरवणुकीत आपल्या चित्ररथावर भराभर उघडझाप करणारे दिवे लावायचे नाहीत. काहींना ठरावीक उत्तेजनानेच फीट येते. सेकंदाला १५ ते २५ वेळा लखलखणारा प्रकाश हे त्याचे ओळखीचे कारण. ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढताना मुद्दाम दिवा लखलखवून ते तपासतात.

• असा त्रास असलेल्यांनी शुक्रवारपर्यंत मला सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.
• गोळी चुकवू नका, जागरण टाळा. (तालमी रात्री दहाला संपतील, यावेळी खरेच!)
• प्रकाश खुपला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून बाजूला व्हा.
• कुणाला फीट आली तर कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

— पथकप्रमुख