पगाराची पट्टी

सांगली

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फार तणतणलीस. पगार वाढून 32 लाखांचं पॅकेज झालं, तरी हातात महिन्याला 2 लाखसुद्धा नाहीत, सगळं सरकारच खातं म्हणालीस. तू पाठवलेली स्लिप मी कागदावर उतरवून घेतली. मार्केट यार्डात अडत दुकानावर दिवाणजी म्हणून जन्म गेला, मोबाइलवर आकडे बघून माझं समाधान होत नाही. हळद विकायला आलेला शेतकरी विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडली की आधी हमाली, तोलाई किती लावलीय ते बघतो आणि मग भांडतो. तू आधी भांडलीस.

32 लाखांचे महिन्याला 2,66,667 होतात. हातात येतात सुमारे 1,98,000. मधल्या 68,600 पैकी प्राप्तिकर आहे 39,600. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत तेवढा 300. उरलेले जवळजवळ 29,000 सरकारने नेलेलेच नाहीत. तुझा मूळ पगार 1 लाख, त्यावर 12 टक्के तुझा पीएफ आणि 12 टक्के कंपनीचा, तोही पॅकेजमध्येच धरलेला. वर ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, 4,800. ती मात्र साधारण पाच वर्षं तिथे टिकलीस तरच मिळणार, त्यामुळे ती पॅकेजमध्ये मिरवायची कंपन्यांची हौस मला मुळीच पटत नाही.

आता कराचं. '30 टक्क्यांत गेले' असं तू म्हणतेस, पण ते 30 टक्के सगळ्या पगारावर नाहीत. 2025-26 च्या नव्या पद्धतीत पहिल्या 4 लाखांवर काही नाही, मग दर 4 लाखांना 5, 10, 15, 20, 25 असे टप्पे, आणि 24 लाखांच्या वर जेवढं असेल तेवढ्यावरच 30. 75,000 ची प्रमाणित वजावट, म्हणजे नोकरदाराला मिळणारी सरसकट सूट, आधीच जाते. त्या करावर 4 टक्के सेस, म्हणजे उपकर, धरून तुझा वर्षाचा कर येतो पावणेपाच लाख. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सोडून उरणाऱ्या पगाराच्या सुमारे 16 टक्के.

तरी तुझा राग अगदीच खोटा नाही. पगारात वाढलेले 4 लाख सगळेच्या सगळे वरच्या टप्प्यात पडले. त्यावर सेससकट 31.2 टक्के, म्हणजे 1,24,800 गेले. वाढ मिळाली की ती कमी का वाटते, ते इथे आहे. पण म्हणून 'वाढ घेऊन तोटाच होतो' असं मैत्रिणींना सांगत फिरू नकोस. पावणेतीन लाख तुझ्याकडे राहिलेच की. उत्पन्न 50 लाखांच्या वर गेलं की करावर 10 टक्के अधिभार, म्हणजे जादा कर, बसतो, पण तिथेही काठावरच्या माणसाला सवलत ठेवलीय, म्हणजे जास्तीच्या कमाईपेक्षा जास्तीचा कर मोठा होत नाही.

तुझ्या मामेभावाने तासगावात द्राक्षात एवढंच कमावलं तर त्याला प्राप्तिकर शून्य. अवकाळी पाऊस झाला की त्याच्यामागे औषधवाल्याची उधारी लागते हे खरं, पण मोठ्या बागायतदारालाही सरसकट सूट का, याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. दुकानदार खर्च वजा करून नफ्यावर कर भरतो. नोकरदाराचा कर मात्र पगार हातात पडायच्या आधीच कापलेला.

आणि 1971 आठव. म्हणजे तू नव्हतीस, मीही लहान होतो. आपल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव तेव्हा अर्थमंत्री. 2 लाखांवरच्या उत्पन्नावर 85 टक्के कर, वर त्यांनी 15 टक्के अधिभार लावला, मिळून 97.75 टक्के. वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये हाती. एवढा दर लावला की लोक कमाई दाखवतच नाहीत, हे सरकारलाही कळलं आणि 1974 मध्ये त्यांनीच तो 77 वर आणला. यशवंतरावांबद्दल मला किती आदर आहे ते तुला ठाऊक आहे, पण तो दर अतीच होता.

एक काम कर. एनपीएस या सरकारी पेन्शन योजनेत कंपनीकडून भरणा होतो का, ते एचआरला विचार. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंतचा भरणा नव्या पद्धतीतही करमुक्त आहे. वर्षाला 1,68,000 गेले तर कर 52,000 नी उतरतो. मात्र ते पैसे म्हातारपणापर्यंत अडकतात आणि हातातला पगार अजून कमी होतो, तेव्हा फ्लॅटचं ठरल्याशिवाय सही करू नकोस. पुढची स्लिप पाठवशील तेव्हा फोटो जरा सरळ काढ, या वेळी पीएफचा आकडा अर्धा कापला गेला होता.

तुझा,
बाबा