आमच्या गाडीची मागची फिक्स काच नीट बसवून देणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,
स. न. वि. वि.

तुमचे नाव आणि दुकानाचा पत्ता कुठेही जाहीर करू नये, असे तुम्ही स्पष्ट सांगितल्यामुळे हे पत्र केवळ ‘मामा’ या संबोधनावर भागवतो आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांच्या गाडीची काच कधी ना कधी फुटली आहे, त्यांना तेवढ्यावरूनही ओळख पटेल. तोंडी आभार त्याच वेळी मानले होते. परंतु आमच्या मारुती एर्टिगाच्या मागच्या डाव्या फिक्स काचेचे काम तुम्ही ज्या रीतीने केले ती रीत इतरांनाही कळावी, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमची गाडी २०१६ सालची. तिसऱ्या रांगेशेजारची, कधीच न उघडणारी, गॅरेजमध्ये कोणी जिला क्वार्टर ग्लास म्हणते तर कोणी नुसती फिक्स काच म्हणते, ती काच गवत कापण्याच्या यंत्राखालून उडालेल्या खड्याने फुटली. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, त्यामुळे तिला तडा गेला तरी ती जागेवर राहते. बाजूची काच टफन, म्हणजे तापवून कणखर केलेली, असल्याने एका खड्यासरशी संपूर्ण ढासळली आणि हरभऱ्याएवढे तुकडे सीटवर, पायाखाली आणि पत्र्याच्या पोकळीत जाऊन पडले. ऐन पावसाळा होता, गाडी उघडी ठेवता येत नव्हती, म्हणून ‘लोकल काच आजच्या आज बसवून देतो’ म्हणणाऱ्या एका दुकानात ती आधी बसवून घेतली होती. ती काच तुमच्या दारात येईपर्यंत काय काय करत होती, हे तुम्ही पाहिलेच आहे. महामार्गावर वेग थोडा वाढला की मागून शिट्टीसारखा आवाज येई, सरीवर सर आली की आतल्या प्लास्टिकच्या मागून पाणी झिरपून चाकाच्या कमानीवरच्या गालिच्यात मुरे, आणि काचा बंद करून गाडी उभी केली की आत व्हिनेगरसारखा आंबट वास कोंडे. त्या दुकानात तक्रार केली तेव्हा त्यांनी बाहेरून सिलिकॉनचा आणखी एक थर ओढला आणि ‘पावसाळ्यात एवढे तेवढे चालायचेच’ असे सांगून वाटेला लावले.

तुम्ही प्रथम कोणतेही अवजार हातात घेतले नाही, हे मला विशेष वाटले. शर्टाच्या खिशातली पोलादी पट्टी काढून तुम्ही ती आधी उजव्या, म्हणजे कंपनीच्या मूळ काचेवर आडवी धरली आणि मग डाव्या काचेवर त्याच उंचीवर धरली. उजवीकडे पट्टीच्या दोन्ही टोकांखाली जेवढी फट दिसत होती, तेवढी डावीकडे दिसत नव्हती. म्हणजे नव्या काचेचा बाक कमी होता, ती मूळ काचेपेक्षा सपाट होती. परिणामी मागचा वरचा कोपरा पत्र्याच्या वर नाण्याच्या जाडीइतका उचललेला राहिला होता आणि ती उणीव सिलिकॉनने भरून काढलेली होती. त्यानंतर तुम्ही काचेच्या कडेचा काळा पट्टा दाखवलात. तो पट्टा आम्ही आजवर शोभेचा समजत होतो. काच चिकटवणारे पीयू (पॉलियुरेथेन) उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होते, म्हणून काचेवर भाजून पक्का केलेला तो काळा पट्टा त्याच्यावर सावली धरतो. लोकल काचेवरचा पट्टा अरुंद असल्याने चिकटवण्याचा माल त्याच्या बाहेर येऊन उन्हात उघडा पडला होता, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलेत.

कोपरा थोडा घासून ही काच बसवता येणार नाही का, असे मी विचारले, कारण फर्निचरच्या काचा तशा घासलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यावर तुमचे उत्तर माझ्या लक्षात राहिले आहे : “टफन काच हाय ही. घासायला गेलो तर हातात भुगा यील.” काच आकारात कापून, कडा घासून, भोके पाडून झाल्यानंतरच ती ६०० अंशांच्या वर तापवतात आणि वाऱ्याच्या झोताने झटक्यात थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो, आणि हा तोल कुठेही बिघडला की काच एका क्षणात संपते. म्हणजे या काचेच्या बाबतीत बसवताना ‘अॅडजस्ट’ करण्यासारखे काहीच उरत नाही. कारखान्यातून ती ज्या मापाची आणि ज्या बाकाची आली असेल, तशीच ती बसली पाहिजे. ‘चालतंय की’ हे आपल्या कोल्हापूरचे लाडके उत्तर आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ते शोभतेही; या कामात ते चालत नाही, हे तुम्ही गिऱ्हाईक हातचे जाण्याची पर्वा न करता सांगितलेत.

योग्य काच मिळवण्यासाठी तुम्ही जो काटेकोरपणा पाळला, तोही लिहून ठेवतो. ‘एर्टिगाची मागची काच’ एवढ्या वर्णनावर मागणी नोंदवण्यास तुम्ही नकार दिलात. एर्टिगा बाजारात २०१२ मध्ये आली, २०१५ मध्ये तिचा चेहरा बदलला तरी कडेची चौकट तीच राहिली, आणि २०१८ च्या अखेरीस आलेली दुसऱ्या पिढीची एर्टिगा मात्र नावापुरतीच तीच आहे. दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २७४० मिलिमीटर, पण आधीची गाडी सुरुवातीला ४२६५ मिलिमीटर लांब होती, तर नंतरची ४३९५ मिलिमीटर आहे; साहजिकच मागच्या बाजूच्या काचेचा आकार बदललेला आहे. तुम्ही आरसी बुक आणि १७ अक्षरांचा चासी नंबर घेऊन अधिकृत सुट्या भागांच्या काउंटरवरून पार्ट नंबर काढलात. डावी-उजवी ही ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर तोंड करूनच ठरवायची, हेही फोनवर पलीकडच्या माणसाकडून वदवून घेतलेत. असे असूनही पहिल्यांदा आलेले खोके नव्या पिढीच्या काचेचे निघाले, तेव्हा लेबलावरचा आकडा वाचून तुम्ही ते सील न फोडता परत पाठवलेत. एखाद्याने ती काच निदान चौकटीला लावून तरी पाहिली असती, आणि मग ‘आता उघडलीच आहे तर’ हा पुढचा अंक सुरू झाला असता.

दुसरी काच आली तेव्हा तिच्या कोपऱ्यातली खूण तुम्ही मला वाचायला लावलीत. वाहनांच्या सुरक्षा काचेला लागू असणारा आयएस २५५३ हा मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह, बनवणाऱ्याचे नाव आणि हिरवट छटा हे सारे शेजारच्या दाराच्या काचेशी जुळत होते. मागच्या भागात गडद काच टाका, ऊन लागणार नाही, असा सल्ला आधीच्या दुकानाने दिला होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० नुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हे तुम्ही कोणतेही पुस्तक न उघडता सांगितलेत आणि विषय तिथेच संपवलात.

विम्याबाबतचा तुमचा सल्लाही निःस्वार्थी होता, कारण दावा झाला असता तर तुमचे बिल सहज मोठे करता आले असते. काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, परंतु रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, हे अनेकांना माहीत असते. मात्र या एका छोट्या काचेसाठी दावा केला की २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत ५० टक्क्यांवर पोहोचलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, पुढच्या नूतनीकरणाला हातचा जातो, हा हिशेब तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलात आणि निर्णय माझ्यावर सोडलात. मी दावा केला नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आतले प्लास्टिकचे पॅनेल उतरवताना त्यात अडकलेला सीटबेल्टचा वरचा बोल्ट तुम्ही आधी सोडवलात, त्यामुळे पॅनेल न वाकता सुटले. पत्र्याच्या पोकळीत पडलेले जुन्या काचेचे तुकडे बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने ओढून काढलेत; खड्ड्यातून जाताना मागे जे खुळखुळत होते, ते हेच होते. काच सुटी करण्यासाठी तुमचा मुलगा आत आणि तुम्ही बाहेर, दोन लाकडी मुठींमध्ये ताणलेली बारीक तार चिकटलेल्या मालातून करवतीसारखी पुढेमागे ओढत गेलात. खरे कष्ट त्यानंतर सुरू झाले. सिलिकॉनवर पीयू चिकटत नाही, त्याची अदृश्य साय राहिली तरी काही महिन्यांत तिथूनच पाणी शिरते, असे म्हणत तुम्ही पात्याने, मग कापडाने, मग पुन्हा पात्याने ती सगळी कड साफ केलीत. जिथे कंपनीचा मूळ पीयू शाबूत होता तिथे मात्र तो पूर्ण न खरवडता एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवलात, कारण नव्या पीयूला धरायला त्याहून चांगली जागा नाही. खालच्या कोपऱ्यात रंग खरवडला जाऊन तांबूस गंज धरू लागला होता. तो पॉलिश पेपरने उघड्या पत्र्यापर्यंत घासून, प्रायमर मारून, तो पूर्ण वाळेपर्यंत तुम्ही दुसऱ्या गाडीच्या कामाला हात घातलात. सिलिकॉनचा तो आंबट वास ज्या आम्लाचा असतो, तेच आम्ल पत्र्यालाही खाते, हे मला तेव्हा उमगले.

कोणताही माल न लावता तुम्ही काच आधी नुसती चौकटीत ठेवलीत. मग खिशातून एक जुने व्हिजिटिंग कार्ड काढून ते काच आणि पत्र्यामधल्या फटीतून सावकाश चारी बाजूंनी फिरवलेत. वरच्या कडेला ते किंचित अडले, तेव्हा काच केसभर खाली सरकवलीत आणि पुन्हा फेरी घेतलीत. कार्ड सगळीकडे सारखे फिरल्यावर काच आणि बॉडी या दोन्हींवर जाणारे टेपचे तुकडे लावून ते सांध्यावर ब्लेडने कापलेत, म्हणजे माल लावून काच परत ठेवताना खुणेला खूण जुळली की पुरे, चाचपडायला नको. इतक्या साध्या वस्तूंनी इतके अचूक काम होताना पाहणे हा, खरे सांगायचे तर, बिलात न धरलेला आनंद होता.

पीयूच्या नळीच्या तोंडाला तुम्ही व्ही आकाराची खाच पाडलीत आणि त्रिकोणी, उभट अशी सलग धार चौकटीभर ओढलीत, जेणेकरून काच दाबल्यावर ती सर्वत्र सारखी पसरावी. सुरुवात आणि शेवट जिथे मिळतात तो जोड कोपऱ्यात न घेता सरळ कडेवर, एकावर एक थोडा चढवून घेतलात. सक्शन कपने उचललेली काच टेपच्या खुणांवर एकदाच आणि सरळ टेकवलीत. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मला वाटत होते की अशा हवेत हे वाळणार कसे. पण पीयू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्याला हवा दमट चालते, पृष्ठभाग मात्र कोरडाच लागतो, हे तुमचे स्पष्टीकरण ऐकून मी छत्री गाडीपासून लांब नेऊन झटकली.

गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवून घेतलीत आणि दुसऱ्या दिवशी पॅनेल बसवण्यापूर्वी पाण्याची परीक्षा घेतलीत. प्रेशरचा फवारा न मारता साधी नळी काचेच्या खालच्या कडेपासून हळूहळू वर नेत होतात, म्हणजे पाणी शिरलेच तर नेमके कुठल्या उंचीवर शिरले ते कळावे. आणि मी आत टॉर्च घेऊन, पत्र्यावर वर्तमानपत्राचा कोरडा कागद धरून बसलो होतो. कागद कोरडा राहिला. मगच पॅनेल नव्या क्लिपांसह बसले, सीटबेल्टचा बोल्ट आवळला गेला आणि तुम्ही मला तो पट्टा हिसका देऊन पाहायला लावलात. पहिले काही दिवस दारे लावताना एखादी काच थोडी खाली ठेवा, बंद गाडीत दार आपटले की आतली हवा ओल्या जोडावर दाब देते, ही सूचना घरातल्या सर्वांनी पाळली. आमच्या आईने तर शेजाऱ्यांनाही सांगितली.

त्यानंतर आम्ही भर पावसात गगनबावड्याला जाऊन आलो. शिट्टी नाही, वास नाही, गालिचा कोरडा. तिसऱ्या रांगेत बसायला आता मुलांची भांडणे होतात, हा एक नवा त्रास तेवढा तुमच्यामुळे सुरू झाला आहे.

काढलेली लोकल काच मी भंगारात देणार होतो, ती तुम्ही ठेवून घेतलीत. नव्या पोरांना बाक तपासायला शिकवण्यासाठी ती उपयोगी पडेल, असे तुमचा मुलगा म्हणाला. त्याच्या हाताला तारेने घासून जो चट्टा पडला होता, तो बरा झाला असेल अशी आशा आहे. त्यालाही माझे मनापासून धन्यवाद सांगावेत. पुढच्या दाराच्या काचेचे बाहेरचे रबर कडक झाले आहे आणि काच वर-खाली करताना किंचित आवाज येतो, असे तुम्हीच जाता जाता दाखवले होते. दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो. पार्ट नंबर काढण्यासाठी चासी नंबर तुमच्याकडे आहेच.

आपला ऋणी,
एक एर्टिगाधारक, कोल्हापूर