सभासदांच्या माहितीची जबाबदारी संस्थेचीच

महोदय,

मुंबईतील वाचनालये, ज्येष्ठ नागरिक संघ अशा छोट्या संस्था सभासदत्वाच्या अर्जासोबत आधारकार्डाची झेरॉक्स सर्रास मागतात. आमच्या संघात हे अर्ज कुलूप नसलेल्या कपाटात गठ्ठे बांधून पडलेले आहेत आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी केलेली यादी पत्ता, जन्मतारीख व मोबाइल क्रमांकासह व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची अशी यादी भामट्यांच्या हाती लागणे किती धोक्याचे आहे, हे कार्यकारिणीला कळायला हवे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संगणकावर चढवलेल्या माहितीसाठी आहे; सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी, काम संपल्यावर ती पुसावी, हे त्याचे सूत्र आहे. कागदी अर्ज त्याच्या कक्षेबाहेर राहिले, तरी सभासदांचा विश्वास कक्षेबाहेर जात नाही. ओळख पटल्यावर झेरॉक्स परत करावी, किंवा शेवटचे चारच अंक दिसणारी आधारची प्रत स्वीकारावी, आणि यादीत फक्त तारीख व महिना ठेवावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेत प्रत्येक संस्थेने करावा.

– एक सभासद, दादर, मुंबई